बूटवाले अनवाणी आले

पानमळ्यात पायताण चालत नाही. नवरदेव असो की तहसीलदार, बांधावर चप्पल काढायची आणि मगच वेलींच्या ओळीत शिरायचं. नाहीतर वेल रुसते.

*

पडीक रानातल्या एकुलत्या बाभळीच्या खोडावर माणसाच्या कमरेइतक्या उंचीला एक मातकट रेघ आहे.

*

सोमवारी सकाळी दहा वाजता हजर राहावे. राहणे व जेवण कंपनीकडे. बादली स्वतःची आणावी.

*

साईकुमारच्या उजव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं.

*

"ह्या मेल्यास खालचीं पानें घाल. वरचीं ठेव, सांजचा मन्नारगुडीवाला शहाणा आहे." मंगला हे हात जोडून, हसतमुखाने, आरती म्हटल्यासारखी म्हणायची. समोरचा व्यापारीही हात जोडायचा.

*

मंगळवारी पानं खुडायला एकटी सुब्बलक्ष्मी आली.

पाच वर्षांपूर्वी कुंभकोणमजवळ तिरुवलंचुळीच्या या मळ्यात नऊ बाया यायच्या. मग एक तिरुप्पूरला कपड्यांच्या कारखान्यात गेली, तिने बहिणीला नेलं, बहिणीने नणंदेला. राहिली सुब्बलक्ष्मी, वय छप्पन्न, आणि तिचे गुडघे शिडी बघितली की आधीच वाकायचे. ती खालची पानं खुडायची. वरच्या पानांसाठी वेलींना आधार दिलेल्या हदग्याच्या झाडाला शिडी लावून मळेवाल्या व्यंकटरमणची मुलगी कीर्ति चढायची. बाराव्या वर्षापासून ती चढत होती. आता बावीस संपत आलं होतं, तरी अंगठ्यात पानं खुडायची तीच पत्र्याची नखी होती आणि पानाच्या रसाने काळं पडलेलं तेच नख. मध्ये तिने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला. नखाला त्याचा काही फरक पडला नाही.

"अप्पा, मीं सोमवारीं जात्यें," ती शिडीवरून म्हणाली.

खाली व्यंकटरमण शंभर-शंभर पानांच्या कवळ्या लावत बसला होता. "कोठें?"

"पत्र वाचलांत कीं. होसूरला. मोबाइलच्या कारखान्यांत."

"वाचलें. बादली स्वतःची आणावी म्हणे. जे बादली देत नाहींत ते पगार काय देतील?"

"मग तुम्हीं द्या पगार."

वरून पानांचा एक झुबका त्याच्या डोक्यावर पडला. मुद्दाम की हातून सुटून, ते हदग्याच्या पानोळ्यात दिसलं नाही.

या घराण्याचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा राजाबरोबर इकडे आले. राज्य गेलं, पगडी गेली, लिहिणं-वाचणं तमिळमध्ये गेलं. मराठी तेवढी चुलीपाशी उरली. उंबऱ्याबाहेर तमिळच. बाहेर मराठी काढायची ती एकाच कामाला: समोरच्याला कळू नये ते बोलायला. व्यंकटरमणच्या आजाने याच भाषेत गिऱ्हाईकांना शिव्या देत देत मळा पाऊण एकराचा केला होता. सूर फक्त सांभाळायचा. चेहरा हसरा, मान लवलेली, आवाज देवळातला. एवढं केलं की तोंडावर काय वाटेल ते बोलता येतं.

"तूं कोठें जात नाहींस," व्यंकटरमणने कवळी केळीच्या ओल्या सोपटात गुंडाळली. "कंपनीच येथें येते आहे. मागल्या पडीक रानांत. बुटांची. तीन हजार नोकऱ्या. घरचें जेवून चालत जा, चालत ये."

"बूट घालून?"

"मळ्यांतून गेलीस तर हातांत घेऊन."

सकाळीच कीर्तिने जुनी प्रवासाची पिशवी धुऊन दोरीवर वाळत घातली होती. संध्याकाळी ती वाळली. तिने ती उलटी करून पुन्हा घातली, आतूनही वाळावी म्हणून.

"मुलीस एकदां विचारा कीं, तिच्या मनांत काय आहे," कीर्तिची आई मंगला जेवताना म्हणाली.

"त्यांत विचारायचें काय? घर सोडून जायला कोणाला आवडतें?" व्यंकटरमणने विचारलं. तो स्वतः आयुष्यात एकदा चेन्नईला गेला होता आणि तिसऱ्या दिवशी भात चांगला नाही म्हणून परत आला होता.

*

शिवकामी मॅडमचं काम जिल्ह्यात उद्योग आणायचं. सरकारने तिला एक जीप, दोन फोन आणि एक नकाशा दिला होता. नकाशावर हे पडीक रान हिरव्या चौकोनात होतं आणि त्यात लिहिलं होतं, 'तयार जागा'. मुलगी दाखवतात तशी तिने ही जागा आजवर तिघांना दाखवली होती. एकदा बिस्किटवाले आले, एकदा सूतवाले, एकदा उन्हापासून वीज करणारे. सगळ्यांनी शिऱ्यासारखी गोड केसरी खाल्ली, छान म्हणाले, कळवतो म्हणाले.

बुधवारी पंचायतीच्या ओसरीवर तिने तालीम घेतली.

पाणी आहे का, असं विचारतील. — भरपूर.

वीज? — भरपूर.

कामाला मुली किती मिळतील? — तीनशे.

कुठून? हा प्रश्न पाहुण्यांचा नव्हता, मागच्या रांगेतल्या सुब्बलक्ष्मीचा होता. तिला गप्प बसवण्यात आलं.

जागेत पावसाचं पाणी साचतं का? — ओसरीवर जो तो शेजाऱ्याकडे बघू लागला. तेवढ्यात शिवकामीचा फोन वाजला आणि ती बोलत बोलत पार पिंपळापर्यंत गेली. मग पंचायतीचा अध्यक्ष म्हणाला, "नाही म्हणायचं. सगळ्यांनी एका सुरात."

"एका सुरात नको," व्यंकटरमण म्हणाला. "तालीम केल्यासारखं वाटेल. एकेकाने म्हणा."

ते सगळ्यांना पटलं.

शिवकामी परत आली तेव्हा एकच अडचण उरली होती. रानाकडे जाणाऱ्या रस्त्यावरची मोरी मोडली होती. कशाने मोडली, हे कोणी काढलं नाही. दुसरी वाट व्यंकटरमणच्या मळ्यातून.

"साहेब लोक तुमच्या मळ्यातून जातील," ती म्हणाली. "एका दिवसापुरती पायताणाची अट सोडा. कंपनीच बुटांची आहे."

"मॅडम, कंपनी देवांची असती तरी देवांना चपला काढाव्या लागल्या असत्या."

"तीन हजार नोकऱ्या आहेत."

"मला एकच हवी आहे," व्यंकटरमण म्हणाला. "पण अनवाणी."

*

गुरुवारी तो पहाटेपासून वाळूच्या पाट्या वाहत होता. पाहुण्यांच्या तळव्यांना काटा लागू नये म्हणून त्याने बांधावरून पार रानापर्यंत वाळू पसरली, हदग्याची वाळकी काटकी वेचली, गोगलगायी एकेक उचलून शेजाऱ्याच्या केळीत टाकल्या. दुपारी पाठ धरली. मंगलाने ओसरीवर पालथं पाडून तिळाचं तेल चोळलं.

"मुलगी दाखवतांनाही इतकें केलें नव्हतें माझ्या अप्पाने," ती म्हणाली.

"तुझ्या अप्पाला ठाऊक होतें, मीं हो म्हणणार." तो एकदम उठून बसला. "अगे, बाभळ."

बाभळीवरची रेघ त्याच्या ध्यानातच नव्हती. तो काथ्या आणि पाण्याची कळशी घेऊन पळाला. अर्धा तास घासली. रेघ हलली नाही. साल मात्र लाल झाली. मग त्याला मोठ्या रस्त्याकडेची झाडं आठवली. त्यांच्या बुंध्यांना चुना लावतात आणि कोणी का म्हणून विचारत नाही. पानवाल्याच्या घरात चुन्याला काय तोटा? त्याने मडकंभर चुना कालवला आणि खालून वर लावत सुटला. वर जाता जाता पाठीत पुन्हा चमक भरली. हात कमरेच्या वर जाईना, आणि मडक्यातला चुनाही तिथेच संपला.

लांब जाऊन त्याने पाहिलं. खाली पांढरं, वर काळं. रेघ आता तिरुवलंचुळीच्या देवळाच्या गोपुरावरूनही दिसली असती.

*

शुक्रवारी साडेदहाला राहुकाळ लागतो. त्याच्या आत पाहुण्यांना उतरवा, असं मंगलाने शिवकामीला दोनदा सांगितलं होतं. हार आणायला आणि पाहुण्यांना वाट दाखवायला कीर्तिला सकाळीच जीपमधून कुंभकोणमला पाठवलं होतं. जीप आली तेव्हा दहा चाळीस झाले होते.

कीर्ति आधी उतरून आईपाशी आली.

"कोण कोण आहेत?" मंगलाने विचारलं.

"एक परदेशी बाई आहे, ती मालकीण. आणि एक साईकुमार म्हणून आहे. जागा तो पसंत करणार."

"साईकुमार. म्हणजे आंध्रचा."

कीर्तिने हार नीट केले आणि ती मुलींच्या रांगेकडे गेली.

परदेशी बाईने हसत हसत बूट काढले आणि वाळूत रुतलेल्या स्वतःच्या पायांचा फोटो घेतला. साईकुमार बांधावर टेकला. पस्तिशीचा, रुंद खांद्यांचा, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. त्याने नाड्या सोडल्या, उजवा बूट काढला, आणि भोकातून अंगठा बाहेर आला.

मंगला विड्याचं तबक घेऊन पुढे झाली. मान लववून, गोड हसून, देवळातल्या सुरात म्हणाली, "बूट विकणारा, आणि मोज्यास भोक. हा माझ्या मुलीस पगार देईल काय?"

व्यंकटरमणने हात जोडले. "पगार कंपनी देते गे. हा नुसता जागा हुंगणारा. ह्यास खालचीं पानें दे आणि केसरी लवकर घाल, म्हणजे लवकर जाईल."

साईकुमार खाली वाकून मोजा काढत होता. त्याचे खांदे दोन-तीनदा हलले.

"मुंगी चावली वाटतें," व्यंकटरमण म्हणाला.

वेलींच्या थंड, ओल्या सावलीतून सगळे पलीकडे गेले. तिथे उन्हात मुली उभ्या होत्या. तीनशे म्हटल्या होत्या, आल्या होत्या एकेचाळीस. सुरुवातीला कीर्ति, आणि शेवटी सुनेची ओढणी डोक्यावरून घेऊन सुब्बलक्ष्मी.

"तिला मागें ढकला," मंगला हसतमुखाने पुटपुटली. "आतां नातू येऊन आजी म्हणून हाक मारील."

साईकुमार रांगेवरून न थांबता पुढे गेला, तो नेमका सुब्बलक्ष्मीसमोर उभा राहिला. त्याने इंग्रजीत काही विचारलं. शिवकामीने तमिळमध्ये सांगितलं, "अनुभव किती वर्षांचा, विचारतात."

"छप्पन्न," सुब्बलक्ष्मी म्हणाली.

साईकुमारने आदराने मान लववली.

मग रान आलं. सपाट, हिरवं, लांबच लांब. वारा होता, बगळे होते. एवढे बगळे कशासाठी जमतात, हे सुदैवाने पाहुण्यांना सुचलं नाही. शिवकामीने नकाशा उघडून वीज कुठून येईल, रस्ता कुठून येईल ते दाखवलं. साईकुमारने ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. शिवकामीने व्यंकटरमणकडे पाहिलं. "पावसाळ्यात इथे पाणी साचतं का, विचारतात. तुम्ही शेजारी. तुम्हीच सांगा."

व्यंकटरमणने पाठ सरळ केली. दुखली. "नाही सर," तो तमिळमध्ये म्हणाला. "कधीच नाही."

मंगलाच्या चेहऱ्यावर हसू तसंच होतं. "मग गेल्या पावसांत शेळी मीं त्या बाभळीवरून उतरवली, ती काय हवा खायला चढली होती?"

"गप. सतराच दिवस असतें पाणी. सतरा दिवसांसाठीं मुलगी होसूरला घालवूं काय?" व्यंकटरमणचा सूर जराही हलला नाही, शेजारी उभ्या अध्यक्षाला वाटलं, नवरा-बायको मंत्र म्हणतायत. "ह्यास येथेंच बोलण्यांत ठेव. त्या बाभळीकडे मात्र जाऊं देऊं नको."

साईकुमारने हात पाठीमागे बांधले आणि तो सरळ बाभळीकडे चालू लागला.

मागून सगळे निघाले. शिवकामी इंग्रजीत भराभर काहीतरी सांगत होती. साईकुमार खोडापाशी थांबला. चुन्याच्या कडेवर त्याने तळहात टेकला. मग तोच तळहात तसाच आडवा आणून स्वतःच्या कमरेला लावला. परदेशी बाईने त्याचाही फोटो घेतला.

"ही इकडची पद्धत आहे," शिवकामी म्हणाली. "झाडांना सजवतात."

साईकुमार वळला आणि मंगलाकडे पाहून म्हणाला, "काकू, एक पान द्या की. वरचं द्या पण."

व्यंकटरमणला आधी वाटलं, बाभळच बोलली. घराबाहेर, उन्हात, अनोळखी पुरुषाच्या तोंडून ती भाषा त्याने जन्मात ऐकली नव्हती. न्हाणीत बसून अंघोळ करत असताना भिंत पडावी तसं त्याला झालं. मंगलाने पदर तोंडाला लावला. शिडीवर, बाजारात, देवळात, आजवर ज्यांना ज्यांना ती हसून काय काय म्हणाली होती ते सगळे तिच्या डोळ्यांपुढून रांगेने गेले. मग ती मुकाट्याने मळ्यात परतली, स्वतः शिडीवर चढली आणि शेंड्याकडची दोन पानं खुडून घेऊन आली.

"तुम्ही... तुम्हीं कोठले?" व्यंकटरमणने विचारलं.

"बार्शीचा. सोलापूरकडे."

"तिकडे अजून मराठी बोलतात काय?"

"थोडीफार," साईकुमार म्हणाला.

त्याने पानाची शीर काढली, बाभळीचाच थोडा चुना नखाने खरवडून पानाला लावला आणि तो सावलीत अनवाणी पाय पसरून बसला. "काकू, तुम्ही बोलता तेव्हा पोथी उघडल्यासारखं वाटतं हो. फक्त पोथीत माझा मोजा येईल असं वाटलं नव्हतं." मंगलाने पदर आणखी वर घेतला. "आता खरं सांगा काका. सतरा दिवस?"

"सतरा."

"गेल्या साली एकोणीस," पदराआडून आवाज आला.

शिवकामी एकाकडून दुसऱ्याकडे बघत होती. तिला एक अक्षर कळत नव्हतं, पण तीन पाहुण्यांचा अनुभव होता. तिने नकाशाची घडी घालायला घेतली.

"मग कंपनी?" व्यंकटरमणने विचारलं.

"बूट तरंगतील काका. मशीन नाही तरंगत."

व्यंकटरमण उकिडवा बसला. पाठ दुखत होती, पण उभं राहायचं कारणही उरलं नव्हतं. "मजला एकच मुलगी आहे," तो म्हणाला. "सोमवारीं होसूरला जाते म्हणते. ही कंपनी आली असती तर घरीं राहिली असती. म्हणून खोटें बोललों. नाहींतर मीं खोटें बोलत नाहीं. पानें विकतांना सोडून."

साईकुमारने रांगेकडे पाहिलं. बाकीच्या चाळीसजणी, आंध्रचा माणूस ही कोणती भाषा बोलतो म्हणून माना उंच करून बघत होत्या. कीर्ति मात्र खाली वाकून पायाला लागलेली वाळू झटकत होती.

"कुठली कंपनी?" त्याने विचारलं. व्यंकटरमणने नाव सांगितलं. "मी जाऊन आलोय तिथे. चांगली आहे. पगार एक तारखेला. मुलींचं वसतिगृह स्वच्छ आहे." त्याने पान दुसऱ्या गालात सरकवलं. "बादली मात्र खरंच देत नाहीत."

*

शिवकामी चिडली नाही. तिने केसरीचं दुसरं ताट संपवलं, जीपमध्ये बसली आणि म्हणाली, "पुढच्या महिन्यात कोळंबीवाले येणार आहेत. पाण्याची त्यांना तक्रार नसते. बाभळीला हात लावू नका, रेघ कामाला येईल."

शनिवारी व्यंकटरमण स्वतः शिडीवर चढला. कीर्ति खाली कवळ्या लावत होती आणि कितवी पायरी सैल आहे, कुठल्या हदग्यावर लाल मुंग्या आहेत, हे त्याला सांगत होती. हे सगळं आजवर तिलाच ठाऊक होतं. तासाभराने त्याची पोटरी थरथरायला लागली. दुपारपर्यंत अंगठा काळा झाला. त्याने तो चुन्याने, चिंचेने, राखेने घासला.

"जात नाहीं तें, अप्पा," कीर्ति म्हणाली. "मीं पाहिलें आहे."

रविवारी तो आणि मंगला बादली घ्यायला कुंभकोणमला गेले. दुकानदाराने निळी काढली, हिरवी काढली. निळीचा कान सैल होता आणि किंमत जास्त सांगत होता. व्यंकटरमणने सवयीने हात जोडले, तोंडावर हसू आणलं, तोंड उघडलं, आणि मिटलं. त्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. दुकानात एक म्हातारा डबा निवडत होता. कुठला असेल, काय सांगावं. शेवटी त्याने बायकोला बाहेर नेलं, खांबाआड उभं केलं आणि कानात सांगितलं, हा लुटारू आहे. मग दोघं आत आली आणि त्यांनी हिरवी घेतली.

सोमवारी पहाटे तिघं कुंभकोणमच्या स्टँडवर उभी होती. बादलीत कपडे, कपड्यांवर डबा, डब्यावर ओल्या सोपटात गुंडाळलेली कवळी. कीर्ति पान खात नव्हती.

"कोणाला तरी दे," व्यंकटरमण म्हणाला. "तेथल्या मोठ्या साहेबास दे. वरचीं आहेत."

"सरी, अप्पा. देत्यें."

"पोहोंचल्यावर फोन कर."

"करत्यें."

गाडी अजून लागली नव्हती. व्यंकटरमणने काळा अंगठा दुसऱ्या हाताच्या मुठीत धरला होता. शुक्रवारपासून एक गोष्ट त्याच्या डोक्यात घोळत होती, पानाची शीर दातात अडकून राहावी तशी.

"तो मराठींत बोलला तेव्हां मीं दचकलों," तो म्हणाला. "तुझी अम्मा दचकली. तूं कां दचकली नाहींस गे?"

"गाडी आली, अप्पा," कीर्ति म्हणाली, आणि बादली उचलून चढली. खिडकीतून तिने हात हलवला. इतकं हसताना तिला त्याने मळ्यात कधी पाहिलं नव्हतं.

त्या शुक्रवारी सकाळी नऊ वाजता, याच स्टँडसमोरच्या कॉफीच्या दुकानात, साईकुमार फोनवर आपल्या आईला मोठमोठ्याने मराठीत सांगत होता की इकडे तिन्ही त्रिकाळ भातच असतो, आणि त्याच्या मागे हातात हार घेऊन कीर्ति उभी होती.